माझ्या मापाची कयाक

मंगळवार, ३ तारीख

आज ठरवलं. कयाक घ्यायची. जुनी, वापरलेली चालेल, पण स्वतःची.

झालं असं की दातांची डॉक्टर दवाखान्यातलं बाक घेऊन दुकानात आली. बाकाचं रेक्झिन फाटलंय. ही बाई सुट्टीच्या दिवशी समुद्रात कयाक वल्हवणाऱ्या मंडळींची कप्तान असते, म्हणून सगळे तिला कप्तानच म्हणतात. बोलता बोलता म्हणाली, एकोणतीस तारखेला आम्ही दीपगृहाच्या बेटावर चाललोय, येता का? माझ्या तोंडून लगेच 'हो' निघून गेलं. नंतर तिने दोन अटी सांगितल्या. होडी स्वतःच्या मापाची पाहिजे. आणि जाण्याआधी तिच्यादेखत खोल पाण्यात मुद्दाम उलटायचं, बाहेर निघायचं आणि कोणाचाही हात न घेता परत चढून बसायचं. बेटाच्या अलीकडे पाण्याला ओढ आहे, तिथे कोणी कोणाला ओढत बसत नाही, असं तिचं म्हणणं. ते बरोबरच आहे.

सत्तावीस वर्षं मी लोकांना बसवतोय. सोफे, खुर्च्या, बाकं, एकदा तर न्यायाधीशांची खुर्ची. पण मला स्वतःला नीट बसता येईल अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सिनेमाला गेलो की खुर्चीचे हात मांड्यांत रुततात. बसमध्ये शेजारचा माणूस अर्धा वाटेत बसतो आणि माझ्याकडे बघून सुस्कारा टाकतो. वजन एकशे अठरा, उंची सहा फूट, पाय बारा नंबरचे. पाण्यात मात्र मी कधीच जड नव्हतो. वडिलांनी चौथ्या वर्षी पोहायला शिकवलं, तेव्हापासून समुद्र माझा.

गेल्या वर्षी भाड्याच्या कयाकमध्ये अडकलो, तेव्हापासून समुद्रावर गेलेलो नाही. किनाऱ्यावरच अडकलो होतो. तिघांनी काखेत हात घालून उपसून काढलं आणि एकाने ते फोनवर टिपलं. बायकोला तेव्हा सांगितलं होतं की खांदा दुखतो म्हणून जात नाही. ही वही कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो: एकोणतीसला गेलो नाही तर परत कधीच जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

हिला सांगितलं. हिने एवढंच विचारलं, "आणि अडकलात तर?" मी म्हणालो, माप घेऊनच घेणार आहे, अडकतो कसला. हिला पाण्याचं वावडं आहे. पोहता येत नाही, पाणी घोट्याच्या वर आलं की मागे फिरते. तिला काय कळणार त्यातली मजा.

गुरुवार, ५ तारीख

आज दुकानात फर्मा काढला. खुर्ची बेतताना आपण गिऱ्हाइकाला पुठ्ठ्यावर बसवून खडूने रेघ मारतो, तसाच. पुठ्ठ्यावर बसलो, पाय लांब केले आणि हिने चारही बाजूंनी खडू फिरवला. गुदगुल्या झाल्या, दोघंही हसलो. आकार कापून काढला तर भलताच मोठा दिसला. भिंतीला टेकवून ठेवला तेव्हा दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, कोणत्या सोफ्याचा? मी म्हटलं, खास ऑर्डर आहे.

जुन्या कयाकच्या जाहिराती बघायचं वेडच लागलंय. लांब, निमुळत्या, पिवळ्या, निळ्या. एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघतो. बसायचं तोंड केवढं, आतली बैठक केवढी, पाय टेकवायच्या पट्ट्या कुठवर सरकतात. एका बँकेतल्या कारकुनाला फोन केला. "उंच माणसाला चालेल ना?" असं विचारलं. तो म्हणाला, चालेल की. 'जाड' हा शब्द फोनवर माझ्या तोंडून निघत नाही, काय करू.

शनिवार, ७ तारीख

कारकुनाची कयाक बघून आलो. हिला सांगितलं की रंग आवडला नाही.

खरं असं: कारकून म्हणजे काडी. त्याच्या इमारतीच्या अंगणात होडी मांडून ठेवलेली. फर्मा सोबत होता, पण वर गॅलरीत माणसं उभी, त्यांच्यासमोर पुठ्ठा काढायची लाज वाटली. म्हटलं सरळ बसूनच बघू. बसलो, म्हणजे उतरलो, म्हणजे घुसलो. मग उठता येईना. कारकून बिचारा "सावकाश, सावकाश" म्हणत भोवती फिरत राहिला. वरून कोणीतरी विचारलं, खाली उतरू का मदतीला? शेवटी होडीसकट कुशीवर पडलो आणि अळी निघावी तसा सरपटत बाहेर आलो. कारकुनाने पाणी दिलं. मी नाक मुठीत धरून घरी आलो.

रविवार, ८ तारीख

मांड्या दोन्ही बाजूंनी सोलल्यात. हिने बघितलं, मलम आणून ठेवलं, कशामुळे ते विचारलं नाही.

जेवताना मात्र एकदम विचारायला लागली. होडी बसते की नाही हे कशावरून कळतं? मग काय, मी सुरूच झालो. बैठकीची आतली रुंदी. मांड्यांवरच्या झाकणाची उंची, कारण उलटल्यावर गुडघे तिथूनच सुटायला पाहिजेत. पट्ट्यांपुढे पायाच्या अंगठ्यांना जागा. शिवाय होडीने किती वजन पेलायचं ते, आणि जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण त्या आकड्याला होडी जेमतेम तरंगते. तासभर बोललो. तेवीस वर्षांच्या संसारात हिने माझं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. मध्येच "हळू सांगा" म्हणाली. मला फार बरं वाटलं.

बुधवार, ११ तारीख

माणसं किती प्रामाणिक असतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडे निळी कयाक आहे. सकाळी त्याच्याशी बोललो, तो म्हणाला संध्याकाळी या. मी दुकान लवकर बंद करायच्या तयारीत, तर दुपारी त्याचाच फोन. "साहेब, येऊ नका, ही तुमच्या कामाची नाही, उगाच हेलपाटा पडेल." मी विचारलं का, तर म्हणाला आत फार अरुंद आहे. स्वतःचा माल स्वतःच नाकारणारा विक्रेता मी पहिल्यांदा पाहिला.

फर्म्याच्या कोपऱ्यात हिच्या अक्षरात '४४' लिहिलेलं दिसलं. बहुधा पडद्याचं माप असेल. हाताशी लागेल त्यावर लिहायची सवयच आहे हिला.

शुक्रवार, १३ तारीख

आणखी एकाचा फोन, येऊ नका म्हणून. झाकण उंचीला कमी आहे म्हणाला. मी त्याला उंचीबद्दल काही विचारलंही नव्हतं. जिथे अडकलो असतो ते दार आपोआप बंद होतंय, माझं नशीब सध्या जोरात आहे.

ही मात्र बिघडलीये. दवाखान्यात दिवसभर चौकशीच्या खिडकीत बसून फोनच घेत असते, म्हणून घरी आली की फोनला शिवत नाही. या आठवड्यात रोज संध्याकाळी गॅलरीत, दार ओढून, हळू आवाजात. बहिणीकडे माझ्या तक्रारी चालल्या असणार. चालू देत.

रविवार, १५ तारीख

सापडली. सापडली, सापडली, सापडली.

 नीट लिहितो. शाळेत पोहणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, आता निवृत्त झाल्यात. त्यांच्या थोरल्या भावाची कयाक. भाऊ दुसरीकडे राहायला गेला, होडी परसात पडून. भाऊ माझ्याच अंगाचा, आणि ही होडी त्याने मुद्दाम मोठ्या मापाची शोधून घेतलेली. पाचेक मीटर लांब, फिकट लाल, उन्हाने वरचा रंग गुलाबी पडलाय.

बाई म्हणजे देवमाणूस. मी पोचलो तर होडी घराच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला, खाली जाड सतरंजी. बसताना टेकायला दोन्ही बाजूंना दोन भक्कम खोकी. बाईंनी फाटकाला आतून कडी घातली आणि म्हणाल्या, "इथे कोणी येत नाही. हवा तेवढा वेळ घ्या." वर, पाय पसरण्याआधीच म्हणाल्या, बारा नंबरसाठी पट्ट्या मी शेवटच्या खाचेत सरकवून ठेवल्यात. फोनवर नुसता आवाज ऐकून त्यांनी पायाचा नंबर ओळखला. इतकी वर्षं मुलांना शिकवलेली नजर, आणि कानही, म्हणायचा.

बसलो. नुसता बसलो. कमरेला दोन्हीकडे बोटभर जागा. गुडघे वरच्या झाकणाला टेकतात आणि ढिले सोडले की लगेच सुटतात. मी सात वेळा आत गेलो आणि सात वेळा बाहेर आलो. आठव्यांदा नुसताच बसून राहिलो. डोळे भरून आले, ते बाईंना दिसू नयेत म्हणून पट्ट्या तपासतोय असं दाखवलं.

तपासणीही केली, अगदीच वाहवत गेलो नाही. मागच्या कप्प्यात बादलीभर पाणी ओतून पाहिलं, मधल्या भिंतीतून थेंब आला नाही. बुडाला अंगठ्याने दाबून पाहिलं, कुठे नरम नाही. एका कप्प्याच्या झाकणाच्या रबराला चिरा गेल्यात, ते बदलायचं. सौदा तिथल्या तिथे झाला. सोफे पोचवायच्या टेम्पोवर होडी बांधली. निम्मी मागे लोंबत होती, टोकाला लाल फडकं लावलं आणि वरातीसारखा हळूहळू घरी आलो.

बाई निघताना म्हणाल्या, "घरी सांगा, बसली म्हणून." मी म्हटलं, सांगतो की. घरी सांगितलं तर ही पोळ्या लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "बरं झालं." लाटणं मात्र बराच वेळ एकाच जागी फिरत होतं.

बुधवार, १८ तारीख

होडीत एकच खोट आहे, बैठक. कडक प्लास्टिक. आता माझ्यासारख्या माणसाने तशीच ठेवायची म्हणजे स्वतःच्या धंद्याचा अपमान. दोन दिवस दुकानातली बाकी कामं बाजूला सारली. तळाला घट्ट फोम, वर मऊ, मधे पाणी न पिणारा थर, त्यावर जहाजी रेक्झिन, कडेने पांढरं पायपिंग. मांड्यांखाली जरा उठाव दिला, म्हणजे पायाला मुंग्या येणार नाहीत. आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यात सुंदर. न्यायाधीशांच्या खुर्चीहूनही.

कप्तान दुकानात येऊन बघून गेली. "सुरेख झालीये," म्हणाली आणि पुढे काहीतरी बोलणार होती, पण तिला फोन आला.

शनिवार, २१ तारीख

काय लिहू. नऊ वेळा उलटलो.

जेट्टीच्या आतल्या शांत पाण्यात. लाटा नाहीत, वारा नाही. बसलो की होडी इकडे झुकते, सावरावं तर तिकडे. वल्हं दोनदा मारलं की पाण्यात. बाहेर निघायला त्रास नाही, गुडघे लगेच सुटतात, एवढाच दिलासा. परत चढणं तर दूरच, आधी बसूनच राहता येत नाही.

रविवार, २२ तारीख

पुन्हा गेलो. सहा वेळा उलटलो. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, त्याने शेवटी गळ गुंडाळला आणि माझ्याकडेच बघत बसला.

होडी चांगली आहे. बाईंच्या भावाला चालत होती. म्हणजे खोट माझ्यात आहे. माझं वजनच वरच्या अंगाला जास्त असेल, पोट, खांदे. लहानपणी समुद्र माझा होता, आता नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे? हिला म्हणालो, विकून टाकतो. ही उठून गॅलरीत गेली.

सोमवार, २३ तारीख

योगायोग कसा असतो बघा. सकाळी बाईंचा फोन, सहजच, होडी कशी आहे विचारायला. मी म्हणालो, छान आहे. त्या म्हणाल्या, खरं सांगा. मग सगळं सांगितलं.

"होडीत काही बदल केलात का?"

मी म्हणालो, बदल असा नाही, बैठक जरा नीट केली.

"किती उंच झाली?"

"दोनच इंच."

बाई मग म्हणाल्या, "माझ्या भावाने असलेल्या प्लास्टिकचं बूड घासून आणखी पातळ केलं होतं. खाली बसायला. तुम्ही आरामखुर्ची केलीत ना? काढून टाका."

फोन ठेवला आणि पाचेक मिनिटं कपाळाला हात लावून बसलो. दोन इंच. रोज लोकांना सांगतो की स्टुलाचे पाय लांब केले तर स्टूल डुगडुगतं. एखाद्या शिकाऊ पोरालाही कळेल. माझं वजन नव्हतं, माझं कौतुक होतं ते. सत्तावीस वर्षांची कला तिथे नेऊन ठेवली, जिथे तिचं काहीच काम नव्हतं.

पायपिंग उसवताना जीव तुटला. खोटं कशाला बोलू. एकेक टाका कापला, फोम काढला, आणि त्या जागी बोटाच्या पेराएवढी जाड रबराची चटई डकवली. दिसायला अगदी दरिद्री.

मंगळवार, २४ तारीख

एकदाही नाही. एकदाही उलटलो नाही. बसलो आणि होडी पाण्यात जी बसली, ती बसलीच. जेट्टीच्या टोकाला वळसा घातला. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या उठवल्या होत्या, त्यांच्यावरून होडी चालली तेव्हा बुडाखालून आवाज येत होता, आणि मी मोठ्याने हसत होतो, एकटाच. गळवाल्या म्हाताऱ्याने हात वर केला. मीही वल्हं वर केलं.

आता परत चढणं राहिलं. दोन्ही हातांनी अंग वर उचलायला जातो, तर होडी माझ्याच बाजूला कलंडते. कप्तानला विचारलं. ती म्हणाली, वल्ह्याच्या एका पात्याला हवेची पिशवी बांधून ते आडवं टेकवा, आणि बसायच्या तोंडापासून पट्ट्याचा फास सोडा, त्यात पाय रोवून शिडीसारखं चढा. पट्टा. माझ्या दुकानात पट्ट्याची भेंडोळीच्या भेंडोळी पडलीयेत. सोफ्याखाली ताणतो तोच, दुहेरी घेतला, चौकट मारून शिवला. यावर हत्ती चढला तरी उसवायचा नाही. कलेला शेवटी कुठेतरी काम मिळालं.

बुधवार, २५ तारीख

उद्या परीक्षा. कप्तानने वेळ बदलली. आधी रविवारी सकाळी निघतानाच सगळ्यांसमोर ठरलं होतं, आता उद्या गुरुवारी साडेसहाला, फक्त ती आणि मी. भरतीमुळे म्हणाली. तक्त्यात भरती अकराला दिसते, पण समुद्रातलं तिला जास्त कळतं.

ही म्हणाली, मी पण येते, तिथूनच दवाखान्यात जाईन. मी म्हटलं, कशाला, ओल्यात उभी राहशील. तर म्हणाली, उभीच राहणार आहे ना.

 झोपतो.

गुरुवार, २६ तारीख

जमलं.

आधी नीट लिहून काढतो, नाहीतर विसरेन. जेट्टीजवळ आम्ही तिघंच. गळवाला म्हातारासुद्धा नव्हता. कप्तान तिच्या होडीत, माझ्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर. ही पायऱ्यांवर, दवाखान्याच्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून. खोल पाण्यात गेलो. कप्तान म्हणाली, "तुम्हाला वाटेल तेव्हा." मी हिच्याकडे बघून हात केला आणि उलटलो.

खाली हिरवं, थंड. वर्षभर ज्याची भीती वाटत होती ते इतकंसंच होतं. गुडघे ढिले सोडले, होडीच्या काठाला दोन्ही हातांनी रेटा दिला आणि मी मोकळा. पण वर येताना होडीच्या पलीकडच्या बाजूला निघालो आणि तिथेच दम खात राहिलो, त्यामुळे पायऱ्यांवरून मी दिसत नसेन. घाई नव्हतीच. वल्ह्याला पिशवी बांधली, फुगवली, होडी सुलटी केली, फासात पाय घातला. पहिल्यांदा निसटलो. पुन्हा बुडलो, नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदा पाय नीट रोवला, पट्टा ताणला गेला, करकरला, पण टाका हलला नाही. पोटावर आडवा झालो, वळलो, आणि बसलो. बसलो. माझ्या जागी.

कप्तानने होडी जवळ आणून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "रविवारी सहाला. पाणी जास्त घ्या."

मग मी पायऱ्यांकडे पाहिलं तर ही पायऱ्यांवर नव्हती. पाण्यात होती. कमरेच्याही वर, कपड्यांसकट, दोन्ही हात पुढे केलेले. पर्स पाण्यावर तरंगत होती. मी वल्हवत गेलो तर लटलट कापत होती, थंडीने. म्हटलं, अगं, इथे काय करतेस? तर म्हणाली, "चप्पल वाहून चालली होती."

चपला वरच्या पायरीवर होत्या. शेजारी शेजारी, कोरड्या. मी दाखवल्या तर म्हणाली, असं होय, मला वाटलं वाहून गेल्या. मग माझ्या ओल्या खांद्यावर डोकं टेकवून बराच वेळ रडली. नशीब, पायरी संपून पाणी एकदम खोल होतं त्याच्या अलीकडेच थांबली होती. पोहता येत नसताना चपलेसाठी इतकं आत कोण जातं?

दवाखान्यात आज गेलीच नाही. घरी आलो, गरम पाणी दिलं, तिचे कपडे वाळत घातले. जाऊ दे, मी इतका खूश आहे की तिच्यावर रागावताही येत नाही. उद्या तिला मागे पट्टा असलेल्या चांगल्या चपला घेऊन देतो. म्हणजे पुन्हा असं व्हायला नको.